मामांचा प्लॉट आणि खाणीचा नकाशा

माझे मामा २०१७ साली कोळसा खाणीतून निवृत्त झाले. एकोणचाळीस वर्षांची नोकरी. त्यापैकी १९७८ ते २००६ ही अठ्ठावीस वर्षे जमिनीखाली, आणि ती खाण बंद झाल्यावर उरलेली अकरा वर्षे उघड्या खाणीवर. निवृत्तीनंतर कंपनीचे क्वार्टर सोडावे लागले. तेव्हापासून मामा-मामी भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. मुलगी सासरी गेली, मुलगा पुण्याला खासगी नोकरीत आहे. फंडाच्या पैशांतून मुलीचे लग्न आणि मामीचे ऑपरेशन झाले. उरलेल्या पैशांतून जुन्या खाणीच्या कडेला दीड हजार फुटांचा एक प्लॉट घ्यायचा मामांनी ठरविले. नोटरीच्या कागदावर इसार दिला आणि मला फोन केला, "बापू, तू कागदं पाहाले ये. बाकी मी पाहून घेतो."

मी कारकून माणूस. बी.कॉम. झालो आणि आयुष्य कागदातच गेले. वस्तीत कोणाला रेशनकार्डाचे, पेन्शनचे, जातीच्या दाखल्याचे काम असले की अर्ज मी लिहितो. म्हणून मामांचा फोन आला यात नवल नव्हते. पण कागद पाहून मी त्यांना म्हणालो, "मामाजी, आधी जागा पाहू." कागदावरच्या गट नंबरापेक्षा मला दुसरीच शंका होती. २६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहते घर डोळ्यांदेखत जमिनीत गडप झाले होते. जमीन हादरली म्हणून घरची माणसे बाहेर पळाली, त्यामुळे जीव वाचले. खाली जुन्या काळातली कोळसा खाण होती. ती बातमी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. मी वाचली आणि विसरलो होतो. मामांनी प्लॉटचे नाव काढले तेव्हा ती एकदम आठवली.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. त्या खाणीचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातली आहे एवढेच सांगतो. नाव दिले तर आपलीच पोरे मोबाईल घेऊन तिथे फोटो काढायला जातील, आणि ते का नको हे पुढे येईलच.

दुरून काहीच दिसत नाही. बाभळी, तरोटा आणि माणसाएवढी उंच वाढलेली बेशरम. जवळ गेल्यावर एक छप्पर नसलेली भिंत, मग दुसरी. लोखंड म्हणाल तर खिळासुद्धा शिल्लक नाही. रुळ गेले, दारे गेली, खिडक्यांच्या चौकटीही गेल्या. मामा मात्र आपल्या घरात फिरावे तसे फिरू लागले.

"हे हाजरीघर. इथं मुन्शी बसे. हे बत्तीघर. माही बत्ती तीनशे बारा नंबरची."

बत्तीघर म्हणजे जिथे टोपीवर लावायचे दिवे चार्जिंगला ठेवतात ते. दिवा घेताना टोकन द्यायचे आणि पाळी संपली की दिवा देऊन टोकन परत घ्यायचे. पाळी संपून गेली आणि एखादे टोकन बत्तीघरातच राहिले, तर एक माणूस खाली राहिला आहे असे समजायचे. इतका साधा हिशेब. मला माझ्या ऑफिसातल्या हजेरीपटाची थोडी लाज वाटली.

पुढे हॉलेजचे जोते होते. कोळशाने भरलेले टब लोखंडी दोराने वर ओढणारे इंजिन त्या जोत्यावर असे. नवीन लागले तेव्हा मामा लोडर होते. सुरुंग उडाला, छत ठोकून पाहून झाले, की बेलचाने टोपली भरायची आणि टोपली टबात ओतायची. एका टबात टनाच्या आसपास कोळसा मावतो. जितके टब भराल तितका पैसा. मामांच्या उजव्या खांद्याचे हाड आजही वर आलेले आहे. शर्ट शिवायला दिला की शिंपी दरवेळी विचारतो.

हॉलेजच्या समोर खाणीचे तोंड. तिकडे त्याला मुहाना म्हणतात. दगडी कमान आहे आणि कमानीत विटांची भिंत घालून ती बंद केली आहे. भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात कोणीतरी विटा काढून माणूस सरपटत जाईल एवढे भगदाड पाडले होते. खाली गोणपाटाचा तुकडा आणि गुटख्याच्या पुड्या पडलेल्या. मी वाकून आत पाहू लागलो. मामांनी मागून माझी कॉलर धरली. पन्नाशीकडे झुकलेल्या भाच्याची कॉलर!

"अंदर तोंड नोको घालू. हवा पाय, भायेर येऊन रायली."

खरेच, भगदाडातून थंड, कुबट वारा अंगावर येत होता. आभाळ भरून आले होते. मामांनी सांगितले ते मी नंतर पुस्तकात पडताळून पाहिले आणि ते बरोबर निघाले. पावसाळी हवेत बाहेरचा हवेचा दाब उतरतो, तेव्हा बंद खाणीत साठलेली हवा फटीतून बाहेर येते. दाब चढला की बाहेरची हवा आत जाते. म्हणजे बंद खाणसुद्धा श्वास घेते. पण तिचा श्वास माणसाच्या कामाचा नाही. खाली राहिलेला कोळसा आणि कुजलेली लाकडे हवेतला प्राणवायू खाऊन टाकतात. उरतो तो नायट्रोजन आणि कर्बवायू. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस चार पावले आत जातो, गुडघे लुळे पडतात, ओरडायलाही वेळ मिळत नाही. त्याला काढायला गेलेला दुसराही तिथेच पडतो. मिथेन असेल तर एका काडीने भडका. कोळसा आतल्या आत तापून पेटला असेल तर कार्बन मोनॉक्साईड, तो तर फार थोडासाही पुरतो. तोंडाला भिंत घालतात ती चोरांसाठीच नव्हे. आत ताजी हवा गेली की उरलेला कोळसा आपोआप तापू लागतो. झरियाच्या कोळसा पट्ट्यात १९१६ साली आगीची पहिली नोंद झाली. त्या आगी शंभर वर्षे उलटून गेल्यावरही पूर्ण विझलेल्या नाहीत.

तरी भगदाड पडतेच. मामा म्हणाले, कडेच्या वस्तीतली दोन-तीन पोरे पोत्यातून कोळसा काढतात आणि सायकलवर नेऊन हॉटेलांना विकतात. त्यांच्या बापाच्या हाताला कायम काम असते तर ती आत गेली नसती, हे मलाही कळते. पण तो विषय निघाला की आपण "गरिबी आहे हो" म्हणून गप्प बसतो. त्या पोरांच्या आयांना कोणीतरी वर लिहिलेले चार वाक्यांत समजावून सांगितले पाहिजे. मामांनी त्यांच्यापैकी एकीला सांगितले आहे. ती म्हणाली, "तुमी गेलेच न तीस वर्सं?" मामांजवळ उत्तर होते. ते गेले तेव्हा वर पंखा चालू होता आणि हवा तपासायला सरदार पुढे जात होता. आज पंखाघराच्या जागी खड्डा आहे.

कमानीजवळच एका दगडावर आम्ही डबा उघडला. मामांना त्यांच्या आईची, म्हणजे माझ्या आजीची, आठवण झाली. कालकथित आजीसुद्धा खाणीत उतरली होती, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. घरात कोणी कधी बोललेच नव्हते. पंधरा-सोळा वर्षांची असताना चांद्याकडच्या एका खाणीत ती टोपल्या वाहत होती. लढाईचे दिवस होते.

सन वाचकांनी लक्षात घ्यावे. १९३७ पासून स्त्रियांना जमिनीखाली कामाला लावण्यास बंदी होती. महायुद्धात कोळसा कमी पडू लागला म्हणून १९४३ साली सरकारने ती उठवली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते होते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे. आपल्यापैकी अनेकांना हे वाचून अवघडल्यासारखे होईल, मलाही झाले. फेब्रुवारी १९४४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात या निर्णयावर कडक टीका झाली आणि तिला उत्तर बाबासाहेबांना द्यावे लागले. ही व्यवस्था युद्धापुरती आहे, आणि या बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, ही बाजू त्यांनी मांडली. समान कामाला समान दाम हे तत्त्व त्या निमित्ताने खाणीत आले. १९४६ साली बंदी पुन्हा लागू झाली. याच काळात, डिसेंबर १९४३ मध्ये, बाबासाहेब धनबादला गेले आणि स्वतः खाणीत उतरून कामगार कसे काम करतात, कुठे राहतात ते पाहून आले. १९४४ साली कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कोळशावर कर बसवून त्यातून दवाखाने, घरे, पाणी, शिक्षण यांची सोय करायची अशी ती योजना.

आजीला यातले काय ठाऊक होते? मामा म्हणाले, "माय एवढंच सांगे, का आमाले गड्यायइतकाच पैसा भेटे." १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्याच्या दीक्षा समारंभाला आजी पायी गेली होती, ती गोष्ट घरात शंभरदा सांगितली गेली. खाणीतली टोपली मात्र कोणाच्या तोंडी नव्हती. कदाचित तिनेच ती मागे टाकली असेल.

जेवण झाल्यावर मामा उठले आणि म्हणाले, "चाल, आता प्लॉट दाखवतो." मला वाटले रस्त्याने जाऊ. पण मामा मुहान्याला पाठ करून उभे राहिले, खाली भुयार ज्या दिशेने जाते ती दिशा त्यांनी हाताने धरली आणि पावले मोजायला सुरुवात केली. बेशरमीतून, काट्यांतून, अगदी सरळ रेषेत.

इथे खाणीची रचना थोडी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. जमिनीपासून कोळशाच्या थरापर्यंत उताराचे भुयार जाते, ते इन्क्लाइन. थर लागला की त्याच उताराने मुख्य रस्ता पुढे जातो. त्याला दर ठराविक अंतरावर डावीकडे आणि उजवीकडे आडव्या गल्ल्या फुटतात, त्या लेव्हल. लेव्हलला पुन्हा छेदणाऱ्या उभ्या गल्ल्या. मधे जे चौकोन उरतात ते कोळशाचे खांब, म्हणजे पिलर. एखाद्या नगराच्या आखीव रस्त्यांसारखे सगळे, फक्त घरांच्या जागी काळे खांब आणि आभाळाच्या जागी छत. गल्ली ४.८ मीटरपेक्षा रुंद आणि ३ मीटरपेक्षा उंच असू नये असा १९५७ च्या खाण नियमावलीचा दंडक होता. वरची सगळी जमीन, तिच्यावरची झाडे, घरे, रस्ते, हे त्या खांबांच्या डोक्यावर असते.

नव्वद पावलांवर मामा थांबले. "इथं कोयला लागला." मग दर तीस पावलांना एकेक लेव्हल. पहिली, दुसरी, तिसरी. पाचवीच्या जागी त्यांनी चप्पल झटकली, "इथं पाणी टपके, सदा." सातवीवर ते उजवीकडे वळून पाहत राहिले. तिथे वर एक बोरीचे झाड आहे, दुसरे काही नाही. १९८७ साली छताचा दगड सुटला आणि त्यांचा जोडीदार लोडर त्याखाली सापडला. मामा चार हातांवर होते. ते एवढेच बोलले आणि पुन्हा मोजू लागले.

नवव्या लेव्हलला डावीकडे वळून ते चार खांब गेले आणि उभे राहिले. समोर चुन्याची फक्की मारलेल्या चार रेघा होत्या आणि कोपऱ्यात दगड रोवलेला. मामांचा प्लॉट!

मामा त्या रेघांकडे पाहू लागले. मग खाली पाहू लागले. मला खात्री आहे, तोपर्यंत त्यांच्या मनात हे आलेच नव्हते. खाली असताना वर काय आहे ते दिसत नाही आणि वर आलेल्या माणसाला खालचे कोण दाखवतो? अठ्ठावीस वर्षे जिथे टब भरले, त्याच्याच डोक्यावर त्यांनी घराची आखणी केली होती.

मी मनात हिशेब केला. नव्वद आणि नऊ गुणिले तीस, म्हणजे तीनशे साठ पावले. पाऊल अडीच फुटांचे धरले तर नऊशे फूट. उतार सहाला एक असा मामांना ठाऊक होता. म्हणजे इथे खाण दीडशे फूट खाली. खोली जितकी कमी, तितका वरचा खड्डा अचानक पडतो. फार खोल असेल तर जमीन हळूहळू, पसरट बशीसारखी खचते, भिंतींना तडे जातात पण माणूस सावध होतो.

"मामाजी, इथले पिलर काढले होते का?"

हा प्रश्न मला घुग्घुसनंतर वाचलेल्या बातम्यांमुळे सुचला. खाण संपत आली की परवानगी घेऊन मागे येता येता खांबसुद्धा कापून घेतात. त्याला डिपिलरिंग म्हणतात. मग छत कोसळते, वरची जमीन खचते आणि बहुतेक खचणे थोड्या काळात होऊन जाते. काही ठिकाणी पोकळीत नदीची वाळू पाण्याबरोबर सोडून भरतात. जिथे वर गाव, रस्ता किंवा रेल्वे असते तिथे खांब तसेच उभे ठेवतात. ऐकायला विचित्र वाटेल, पण घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात फसवी जागा म्हणजे हे उभे ठेवलेले खांब. वरची जमीन सपाट, घट्ट, एक तडा नाही. खाली पाणी भरलेले. खांबांचे कोपरे वर्षानुवर्षे झडत राहतात. दहा वर्षांनी की साठ वर्षांनी, ते कोणी सांगू शकत नाही.

मामा म्हणाले, नवव्या लेव्हलला ते असताना पिलर उभे होते. नंतर त्यांची पाळी दुसऱ्या बाजूला गेली. "मंग काय केलं त्यायनं, मले मालूम नाही."

म्हणजे आता कागदाचे काम सुरू झाले आणि ते माझे होते.

प्रथम सातबारा काढला. स्वच्छ निघाला. मालकाचे नाव शेतकऱ्याचे, इतर हक्कांत काही नाही. ज्यांना जुन्या खाणपट्ट्यात जागा घ्यायची आहे त्यांनी येथेच सावध व्हावे. १९५७ च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याने सरकार कुठे सगळी जमीन घेते, तर कुठे फक्त खाली खोदण्याचा हक्क घेते. दुसऱ्या प्रकारात वरची जमीन शेतकऱ्याचीच राहते. तो ती विकतो, यात त्याने खोटे काही केले असेही नाही. त्यापूर्वीच्या खासगी मालकांच्या खाणींचे व्यवहार तर आणखी निराळे. १९७३ साली राष्ट्रीयीकरण होईपर्यंत आपल्याकडच्या खाणी खासगी होत्या. आणि सगळ्यात जुनी म्हणजे वरोऱ्याची सरकारी खाण, ती १८७१ साली सुरू होऊन १९०६ साली बंदसुद्धा झाली. वर्ध्याहून वरोऱ्याला रेल्वे आली ती त्या कोळशासाठी, तिचे नावच वर्धा कोल स्टेट रेल्वे. दीडशे वर्षांचे हे खोदकाम. तलाठ्याच्या दप्तरात वरचे पीक लिहिलेले असते, खालची गल्ली नाही.

खालची गल्ली लिहिलेली असते ती खाणीच्या नकाशात. खाण सोडून देताना मालकाने तिचा शेवटपर्यंतचा नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे, म्हणजे धनबादच्या कार्यालयाकडे, जमा करायचा असतो. कारकुनी वाटेल असा हा नियम, पण त्यावर माणसे जगतात आणि मरतात. २७ डिसेंबर १९७५ रोजी चासनाला खाणीत पाणी शिरले आणि सुमारे पावणेचारशे कामगार गेले. 'काला पत्थर' हा अमिताभचा सिनेमा त्यावरून सुचला होता. ते पाणी वरच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या कामातून आले. २ फेब्रुवारी २००१ ला बागडिगी खाणीत २९ कामगार बुडाले, तेही शेजारच्या सोडलेल्या खाणीच्या पाण्याने. मधली भिंत नकाशात जाड आणि प्रत्यक्षात पातळ असली की असे होते. १३ नोव्हेंबर १९८९ ला राणीगंजच्या महाबीर खाणीतही जुने पाणी फुटले. सहा कामगार गेले, पण अडकलेल्या पासष्ट जणांना जसवंतसिंग गिल यांनी बोअर पाडून, लोखंडी कॅप्सूलमधून एकेक करून वर काढले. बोअर नेमके कुठे पाडायचे हे कशावरून ठरले असेल? खालची माणसे कुठल्या उंचवट्यावर असतील हे कागदावर दाखवणारा नकाशा जवळ होता म्हणूनच.

खाण बंद कशी करावी याची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने २००९ साली काढली. चालू खाणीने दर हेक्टरमागे ठराविक रक्कम, २००९ च्या दराने उघड्या खाणीला सहा लाख आणि भूमिगत खाणीला एक लाख, या हिशेबाने बँकेत अलग खात्यात ठेवायची आणि ती बंद करण्याच्या कामालाच वापरायची. वाणिज्य शाखेत एस्क्रो खात्याची व्याख्या पाठ केली होती, तिचा उपयोग तीस वर्षांनी कळला. पण मामांची खाण २००६ साली बंद झाली. तिच्या नावाने कुठलेच खाते नाही. आहे ती विटांची भिंत, भगदाडासहित.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज लिहिला. चार प्रश्न. हा गट नंबर खाणीच्या हद्दीत येतो काय? येथे कोळशाचा थर किती खोल आहे? पिलर काढले, उभे ठेवले की वाळूने भरले? नकाशाचा तेवढा भाग पाहायला व नक्कल मिळायला मिळेल काय? सोबत दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर. ज्यांना असा अर्ज करायचा आहे त्यांनी हेच चार प्रश्न लिहावेत, कमी नाही आणि जास्त नाही. जास्त विचारले की उत्तर देणाऱ्याला सुटायला जागा मिळते, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसणारा माणूस म्हणून सांगतो.

सव्वीस दिवसांनी पत्र आले. नकाशा कार्यालयात पाहता येईल. मामा नवे धोतर नेसून आले. मी म्हणालो, साक्षगंधाला चाललो काय आपण? मामी म्हणाल्या, "जाऊ द्या त्यायले, त्यायची खदान पाहाले चालले."

तिथल्या सर्व्हेअरने जाडसर कापडी नकाशा टेबलावर पसरला. चांगला माणूस होता. मामा कामगार होते हे कळल्यावर त्याने खुर्ची पुढे केली. मामांनी चष्मा लावला आणि मुहान्यावर बोट ठेवले. मग बोटाने चालू लागले. कोळसा लागला ती जागा, पहिली लेव्हल, दुसरी, पाचवीचे पाणी. आयुष्यात प्रथमच ते आपली खाण वरून, सबंध, एका नजरेत पाहत होते. "एवढीच होती काहो?" त्यांनी सर्व्हेअरला विचारले. सातव्या लेव्हलला उजवीकडे बोट थांबले. नकाशात तिथे बारीक अक्षरांत थराची जाडी लिहिली आहे आणि तारखा आहेत. जोडीदाराचे काही नाही. नकाशात तसे लिहीत नसतात.

नववी लेव्हल, डावीकडे. सर्व्हेअरने गट नंबराची रेघ वरून जुळवली. खोली ४३ मीटर. माझा पावलांचा हिशेब फार चुकला नव्हता, म्हणजे मामांच्या पावलांचा. पिलर उभे आहेत, वाळू भरलेली नाही, पाणी पाचव्या लेव्हलपर्यंत चढलेले आहे, म्हणजे नववी पूर्ण पाण्यात. प्लॉटचा मागचा भाग खांबावर येतो आणि पुढचा, जिथे मामी तुळशीऐवजी मोगरा लावणार होत्या तो, बरोबर गल्लीवर.

"बांधू का नाही?" मामांनी सरळ विचारले. तो म्हणाला, बांधा असे मी लिहून देऊ शकत नाही, नका बांधू असेही लिहून देऊ शकत नाही. तुम्ही खाली काम केले आहे, तुम्हांलाच माझ्यापेक्षा जास्त कळते.

घरी येईपर्यंत मामा काही बोलले नाहीत. मामींनी चहा ठेवला आणि विचारले. त्यांनी नक्कल पसरून बोटाने दाखवले, इथे आपले घर, इथे मी होतो. मामी बराच वेळ त्या काळ्या चौकोनांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमी अठ्ठावीस वर्सं रोज वर आले. तेवढं पुरे झालं."

इसाराचे एक लाख रुपये होते. शेतकऱ्याने साठ हजार परत केले, बाकीचे दिवाळीनंतर देतो म्हणाला. तोही नकाशा पाहून हादरला, त्याचा स्वतःचा गोठा त्याच गटात आहे. त्याने नकलेची झेरॉक्स मागून घेतली. नंतर त्या कडेच्या वस्तीतली आणखी सात-आठ घरे आपापले गट नंबर घेऊन मामांकडे आली. मामा प्रत्येकाला विचारतात, तुमचे घर बोरीच्या झाडापासून कोणत्या बाजूला, किती पावले? ते ओसरीवर बसून कागदावर आकडे मांडतात आणि रविवारी मी जातो तेव्हा अर्ज लिहायला माझ्यापुढे ठेवतात. मागच्या रविवारी तीन लिहिले. पोस्टल ऑर्डरी मामींनी आणून ठेवल्या होत्या.